धातूची अंतर्रचना

नाशिकची तांब्यापितळेची भांडी फार दिवसांपासून प्रसिद्ध आहेत. गोदेकाठच्या भांडी बाजारात ती मांडलेली दिसतात. कळशी घडविताना तांबट तांब्याचा पत्रा ठोकू लागला, की तो प्रथम सहज वाकतो. पण घावामागून घाव पडले म्हणजे ताठर होत जातो. तसाच ठोकीत राहिल्यास पत्रा तडकतो आणि सारी मेहनत वाया जाते. म्हणून जाणता तांबट वेळीच हातोडी थांबवितो व पत्रा भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घेतो. शेवटच्या मठारकामानंतर मात्र तो भांडे तापवीत नाही. कारण आता ते कणखरच राहावयास हवे असते.

तांबे तेच, वजनही तेच; मग बदलते ते काय? धातू वरून एकसंध दिसला, तरी तो असंख्य स्फटिककणांचा बनलेला असतो. कणांतील अणू रांगांनी मांडलेले असतात आणि त्या रांगांत ठिकठिकाणी दोष असतात. हे दोष सरकतात म्हणून धातू वाकतो. घाव बसले की दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि धातू कठीण होतो. भट्टीच्या उष्णतेने विस्कटलेल्या कणांच्या जागी नवे कण तयार होतात. कणांच्या सीमाही दोषांची वाट अडवितात. म्हणून कण जितके बारीक, तितका धातू बळकट. हॉल यांनी १९५१ मध्ये व पेच यांनी १९५३ मध्ये हा नियम मांडला.

तांबटाला अनुभवाने कळलेली ही गोष्ट आता एका अगदी नव्या कामात उपयोगी पडते. धातूची भुकटी पसरून लेसर किरणाने हवी तेवढीच वितळवितात, तीवर दुसरा थर देतात, मग तिसरा. एकेक थर मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतका पातळ! अशा थरांतून विमानासाठी हलके भाग किंवा हाडाच्या जागी बसवावयाची टिटॅनियमची जाळी घडविता येते. हाडाचा अंतर्भागही जाळीदारच असतो.

परंतु आकृती कितीही सुबक असली, तरी तेवढ्याने भागत नाही. किरण पुढे सरकताच वितळलेला धातू क्षणार्धात थिजतो. त्यामुळे टिटॅनियमची अंतर्रचना अतिसूक्ष्म होते. जाळी बळकट, पण काहीशी ठिसूळ निघते. कित्येक धातूंत कण थर ओलांडून खांबांसारखे वाढतात, म्हणून उभ्या काडीचे बळ तिरप्या काडीहून निराळे असते. त्यात काडी मिलिमीटरहूनही बारीक असली, तर एखादे लहानसे छिद्रही घातक ठरते. भार पडताच ती तेथे तुटू शकते.

म्हणून ही जाळीसुद्धा भट्टीत जाते. तापविल्याने तिचे बळ थोडे घटते, पण न तुटता वाकण्याचा गुण वाढतो. किती अंश व किती वेळ तापवावे, हे तिने कोणता भार सोसावयाचा आहे ते पाहून ठरवितात.