‘चार्ज’ : शब्द एक, ओझी अनेक

‘चार्ज’ हा इंग्रजी शब्द आता खेडोपाडी चांगलाच रुळला आहे. मोबाईल चार्जला लावतात. नव्या हेडमास्तरांनी चार्ज घेतला असे म्हणतात. दुकानदार सामान घरपोच करण्याचा चार्ज निराळा घेतो. कुणावर चार्जशीट दाखल झाल्याची बातमी पारापर्यंत येते. मग वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, “गुरुजी, एका शब्दाचे इतके अर्थ कसे हो?”

उत्तर शब्दाच्या मुळाशी आहे. लॅटिन भाषेत ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. त्यावरून गाडीवर माल लादणे, या अर्थाचे क्रियापद झाले आणि तेच फ्रेंचमधून इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आले. मोटारीला आपण ‘कार’ म्हणतो, तो शब्दही याच कुळातला. चार्ज म्हणजे मुळात ओझे लादणे.

ही किल्ली लावून पाहा. हेडमास्तरांवर कामाचे ओझे, गिऱ्हाइकावर पैशाचे, आरोपीवर गुन्ह्याच्या ठपक्याचे. बॅटरीत साठते ती वीज. लाठीचार्जमध्ये मात्र ओझे चटकन दिसत नाही. तिथे चार्ज म्हणजे जोराने चालून जाणे. आपली भाषाही याच वाटेने गेली आहे. कार्यभार आणि विद्युतभार या शब्दांत ‘भार’ आहेच. आणि ‘आरोप’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही वर ठेवणे, चढवणे असाच आहे.

पण दोन ठिकाणी हा शब्द नीट समजला नाही, तर नुकसान होते.

पहिले ठिकाण सात-बारा. सोसायटीचे पीककर्ज काढले की जमिनीवर ‘चार्ज’ बसतो. इतर हक्कांच्या रकान्यात ‘बोजा’ म्हणून त्याची नोंद होते. याने मालकी जात नाही. मात्र १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे, कर्ज व्याजासह फिटेपर्यंत ती जमीन विकण्यास मनाई आहे. कर्ज फिटले म्हणून स्वस्थ बसू नका. सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्या, तो तलाठ्याकडे द्या आणि बोजा उतरल्याची नोंद डोळ्यांनी पाहा. जमीन विकत घेणार असाल, तर तो रकाना आधी वाचा.

दुसरे ठिकाण कोर्ट. चार्जशीट म्हणजे तपासानंतर पोलिसांनी कोर्टापुढे ठेवलेले आरोपपत्र. तो निकाल नव्हे. आरोप ठेवला जातो, मग पुरावा होतो, आणि शाबीत झाला तरच शिक्षा. तोवर त्या माणसाला गुन्हेगार म्हणून वाळीत टाकणे हा अन्याय होय.

गुरुजनहो, मुलांकडून हे अर्थ पाठ करून घेऊ नका. शब्द समोर आला की एवढेच विचारायला शिकवा : ओझे कसले, कुणावर, आणि ते उतरणार कसे? घरात सात-बारा वाचताना हाच प्रश्न त्यांच्या उपयोगी पडेल.