कॅमेऱ्याची चौकशी आणि चित्राची पारख

छायाचित्रणाचा छंद असलेली चार माणसे एकत्र आली की दोन प्रश्न हटकून निघतात. कोणता कॅमेरा घ्यावा, हा पहिला. आणि माझे हे चित्र कसे वाटते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला दहा जण पुढे सरसावतात. दुसऱ्याच्या वाट्याला बहुधा ‘फारच सुंदर’ एवढे दोन शब्द येतात. आपल्या व्यापारी घरांतील अनेक तरुण आणि पेढीचा भार मुलांवर सोपवलेले कित्येक ज्येष्ठ या छंदात रमलेले दिसतात. रविवारी पहाटे तळ्याकाठी किंवा डोंगरावर जायचे, दुकान उघडण्यापूर्वी परतायचे आणि रात्री एकमेकांची चित्रे पाहायची, असा त्यांचा क्रम असतो. पैसा खर्च होतो तो पहिल्या प्रश्नापायी. हात सुधारतो तो दुसऱ्या प्रश्नाच्या खऱ्या उत्तराने.

हौशी मंडळींनी एकत्र बसून चित्रे पाहण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नावाजलेले छायाचित्रकार होते. पुढे १९३७ मध्ये मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. अशा संस्थांत कॅमेऱ्याच्या चर्चेइतकाच मान टेबलावर मांडलेल्या चित्राच्या चर्चेला असे.

आधी खरेदीचे पाहू. गिऱ्हाइकाची गरज विचारल्याशिवाय माल दाखवू नये, हे आपल्या पेढीवरचा जुना मुनीमही जाणतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र सल्ला देणारा बहुधा स्वतः घेतलेल्या वस्तूचीच भलामण करतो. मोठ्या संवेदकाचा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या ‘फुल फ्रेम’चा आग्रह धरणाऱ्याने नवशिक्याला एवढे तरी विचारावे, की चित्र छापणार केवढे? १२ बाय १८ इंचांची उत्तम प्रत इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने काढली, तरी दोन कोटींहून कमी बिंदू पुरतात. तेवढे आज साध्या कॅमेऱ्यातही मिळतात.

फरक पडतो तो भिंगाने. कॅमेऱ्यासोबत मिळणारे १८-५५ मिलिमीटरचे भिंग ५५ वर नेले की त्याचे छिद्र साधारणतः एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. ५० मिलिमीटरचे एफ १.८ भिंग त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. एकाला जिथे सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि हात हलून चित्र पुसट होते, तिथे दुसऱ्याचे काम सुमारे नव्वदाव्या भागात होते. विवाहाच्या मांडवात, सायंकाळच्या आरतीत हा फरक डोळ्यांना दिसतो. बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त भिंगांत हे मोडते, म्हणूनच की काय, विक्रेता ते शेवटी दाखवतो.

जुने भिंग घेण्यात कमीपणा काहीच नाही. एका बाजूने विजेरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. कोकणात किंवा कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती फार लवकर धरते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा हा त्यावरचा सोपा उपाय. चामड्याच्या पेटीत भिंग ठेवू नये. त्या पेटीलाच आधी बुरशी येते, आणि आपल्या घरात ती पेटी असण्याचे कारणही नाही.

परिग्रह-परिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत. या छंदाइतकी त्याची परीक्षा क्वचितच दुसरीकडे होत असेल. एक कॅमेरा, दोन भिंगे, अशी मर्यादा खरेदीपूर्वीच ठरवावी आणि तिसरे आले तर एक कोणा शिकणाऱ्याकडे जावे.

हल्ली काही तरुण पुन्हा फिल्मकडे वळले आहेत. त्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती दुकानदार सांगत नाही. फिल्मवरील चांदीचे क्षार ज्या थरात धरलेले असतात तो थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी काचपट्टीसाठी जिलेटिन सुचवले, तेव्हापासून आजतागायत फिल्मला त्याची जागा घेणारे दुसरे द्रव्य रुळलेले नाही. पुढे कोडॅक कंपनीचे शास्त्रज्ञ सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२० च्या दशकात शोधून काढले, की काही जिलेटिन अधिक प्रकाशग्राही का ठरते. ज्या गुरांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीच्या वनस्पती होत्या, त्यांच्या जिलेटिनात गंधकाचा अंश उतरत होता! गाईने काय खाल्ले यावर चित्राचा उजेड ठरावा, ही विज्ञानाची नवलकथा खरी. परंतु आपल्या घरातील मुलाने फिल्म घेण्यापूर्वी ती पूर्ण ऐकलेली असावी. डिजिटल संवेदकाला हा थर लागत नाही.

आता चित्राच्या पारखीकडे येऊ. हिरा पारखणारा ‘छान आहे’ म्हणून पुडी परत करीत नाही. तो रंग, पैलू आणि दोष निरखतो आणि मगच किंमत बोलतो. चित्राला तेवढाही वेळ का मिळू नये? पाच समितींपैकी भाषासमिती हित, मित आणि प्रिय बोलण्यास सांगते. आपण तिन्हीतले ‘प्रिय’ तेवढे उचलले आणि ‘हित’ सोयीस्करपणे विसरलो.

एक उदाहरण घेऊ. कुंभोज येथील बाहुबलींची २८ फुटी शुभ्र संगमरवरी मूर्ती बहुतेक यात्रेकरू पायाशी उभे राहून, फोनच्या रुंद भिंगाने टिपतात. परिणामी पाय विशाल, मुख लहान आणि सारी मूर्ती मागे कलल्यासारखी दिसते. हे चित्र दाखवणाऱ्यास ‘भव्य!’ म्हणणे सोपे आहे. त्याऐवजी ‘बरेच मागे जा आणि दुरून लांब भिंगाने घ्या, मुखावरची शांती हरवली आहे’ असे कोणी म्हटले, तर त्याची पुढची यात्रा सार्थकी लागेल. दुसरी खूण रंगाची. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सर्व काही मध्यम करडे आहे असे धरून चालतो. त्यामुळे शुभ्र संगमरवराने चौकट भरली की तो प्रकाश घटवतो आणि पांढरे मळकट होते. वेरूळच्या ३२ व्या लेण्यात, इंद्रसभेत, नेमके उलटे घडते: काळ्या पाषाणाने चौकट भरली की मापक प्रकाश वाढवतो आणि लेण्याचा गंभीर अंधार फिका पडतो. तराजूत पासंग आहे हे कळल्यावर आपण जसे वजन जुळवून घेतो, तसे पहिल्या ठिकाणी एक टप्पा वाढवावे, दुसऱ्या ठिकाणी एक टप्पा उतरवावे. हे सांगायला दोन वाक्ये लागतात आणि त्यासाठी नवा कॅमेरा लागत नाही.

साधु-साध्वींच्या चित्रांवर मात्र तंत्राची चर्चा करण्याआधी अनुमतीचा प्रश्न विचारावा. विजेच्या वापरात तेजस्काय जीवांची हिंसा मानणाऱ्या परंपरेतील संतांपुढे फ्लॅश उडवून घेतलेले चित्र कितीही स्वच्छ आले तरी ते दाखवण्याजोगे नाही.

सर्वांत कठीण बोलणे असते ते पक्ष्यांच्या चित्रांबाबत. उन्हाळ्यात कोणीतरी टिटवीच्या अंड्यांचे चित्र आणतोच. टिटवी घरटे झाडावर बांधीत नाही. उघड्या माळावर खड्यांच्या मध्ये अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. चित्र सुस्पष्ट असते, रंग उत्तम असतात आणि सगळे वाहवा करतात. विचारायचे ते एवढेच, की पक्षीण अंड्यांवरून किती वेळ उठलेली होती? दुपारच्या उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरून बसते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्यांना गारवा देते. छायाचित्रकार जवळ उभा असेपर्यंत ती आकाशात ओरडत फिरते आणि अंडी तापत राहतात. शिवाय एका चित्रकाराची पायवाट पाहून दुसरा येतो, आणि त्यांच्या मागे कुत्रा. ईर्यासमिती चार हात पुढची भूमी निरखून पाऊल टाकायला सांगते. माळावर फिरणाऱ्याला याहून नेमकी सूचना मला ठाऊक नाही.

काही गटांनी यासाठी घरट्याचे चित्र चर्चेला घ्यायचेच नाही असा नियम केला आहे. सुरुवातीला कुरबुर होते. मग कोणीतरी मोटारीतच बसून, काच खाली करून, ४०० मिलिमीटरच्या भिंगाने पाणवठ्यावरून ओल्या पोटाने परतणाऱ्या टिटवीचे चित्र आणतो, आणि त्या रात्री चर्चा तासभर चालते.