पाणी नितळ आहे, पण टाकी तयार आहे का?

गोड्या पाण्यातली पाकटं पाळणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढते आहे. त्यांतला मोटोरो ॲमेझॉन, ओरिनोको आणि पराना नद्यांच्या खोऱ्यांतला, काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला लिओपोल्डी ब्राझीलच्या शिंगू नदीतला. हौसेने मोठी टाकी बनवली जाते, महागडं पिल्लू येतं आणि पहिल्या काही आठवड्यांतच जातं. मग रोगाला दोष दिला जातो. माझ्या मते अशा वेळी आधी पाणी तपासावं, कारण टाकी तयार होण्याबद्दलचे काही समज फार घट्ट रुजले आहेत.

गैरसमज: पंधरा दिवस नुसता फिल्टर चालवला की झालं.

रिकाम्या टाकीत फिल्टर महिनाभर फिरवला तरी फारसं काही घडत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट करतात, दुसरे काही नायट्राईटचं नायट्रेट. अमोनियाच मिळाला नाही तर हे बॅक्टेरिया वाढणार कशावर? म्हणून मासा न सोडता अमोनियम क्लोराईड घालून लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया ठेवायचा आणि तो संपला की पुन्हा घालायचा. आज २ मिलिग्रॅम घातल्यावर चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आले की टाकी तयार. पाणी २६ ते २८ अंशांवर असेल तर याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, पण खरा निकाल टेस्ट किटचा, कॅलेंडरचा नव्हे.

आणि २ मिलिग्रॅमच का? १००० लिटरच्या टाकीत त्याचा अर्थ दिवसाला २ ग्रॅम अमोनिया. १०० ग्रॅम सोललेल्या कोळंबीत सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यांत ३ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन. खाल्ल्यावर त्यातला मोठा भाग अमोनिया होऊनच पाण्यात परत येतो. पाकट खादाड असतं, त्यामुळे हा हिशेब कागदावर राहत नाही, काही तासांत टाकीत उतरतो.

गैरसमज: जुन्या टाकीचं पाणी ओतलं की बॅक्टेरिया येतात.

हे बॅक्टेरिया पाण्यात जवळजवळ तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. आणायचेच तर निरोगी टाकीतल्या चालू फिल्टरचा स्पंज किंवा सिरॅमिक रिंगा आणा, वाटेत ओल्या ठेवा आणि नळाखाली धुऊ नका, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसणं हाही पुरावा नव्हे. अमोनिया आणि नायट्राईट दोन्हींना रंग नसतो.

गैरसमज: ॲमेझॉनचा मासा आहे, पीएच कितीही उतरला तरी चालतो.

इथे सगळ्यांत जास्त घात होतो. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता (केएच) खर्च होते. अमोनियातल्या दर १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम. रोज अमोनिया घालत राहिलं की केएच संपत जातो आणि मग पीएच कोसळतो. तलावांच्या मऊ पाण्यावर चालणाऱ्या टाकीत हे लवकर होतं, बोअरच्या जड पाण्यात उशिरा. बाहेरून एवढंच दिसतं की नायट्राईटची नळी आठवडाभर गडद जांभळीच येते, रंग हलत नाही. लोक मग बाटलीतले बॅक्टेरिया आणखी ओततात. अशा वेळी आधी पीएच मोजा. तो साडेसहाच्या खाली गेला असेल तर बॅक्टेरियांचं काम मंदावलेलं असतं. थोडा खायचा सोडा घालून केएच वर आणला की बहुधा ते पुन्हा सुरू होतं.

मासा आत असताना हीच गोष्ट जिवावर बेतते. अमोनियाचा विषारी भाग पीएचवर ठरतो. २८ अंशांना पीएच ७ असेल तर तो शंभरात एक भागही नसतो, पीएच ८ ला सहा-सात भाग होतो. आम्ल झालेल्या टाकीत अमोनिया साचलेला असतो, पण त्याचा त्रास दिसत नाही. कुणीतरी चांगल्या हेतूने अर्धी टाकी रिकामी करून पीएच ८ चं बोअरचं पाणी भरतं आणि उरलेला अमोनिया तिथल्या तिथे विषारी होतो. पाकट कडा वर वळवून तळाला पडून राहतं. तोवर कल्ल्यांना इजा झालेली असते. पाणी बदलण्याआधी दोन्ही पाण्यांचा पीएच आणि टाकीतला अमोनिया तपासणं म्हणूनच टाळता येत नाही.

गैरसमज: पाकट समुद्रातलं, म्हणून मीठ हवंच.

समुद्री पाकटं रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी तोल राखतात. पोटॅमोट्रायगॉनिडे कुळातल्या नदीतल्या पाकटांनी ती सोय गमावली आहे. त्यांच्या शरीरात युरिया अगदी कमी असतो, हे १९६७ साली थॉर्सन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं. जादा मीठ बाहेर टाकणारी त्यांची ग्रंथीही खुरटलेली आहे. काही हाडवाल्या माशांना नायट्राईटच्या वेळी मिठाचा उपयोग होतो, तो नियम डोळे मिटून इथे लावू नका. नायट्राईट चढलं तर खाणं बंद करा, क्लोरीन काढलेलं आणि पीएच जुळवलेलं पाणी बदला, हवा वाढवा.

गैरसमज: आधी स्वस्त मासे सोडून टाकी तयार करावी.

त्या माशांचे हाल होतात, त्यांच्याबरोबर परजीवी येतात आणि दहा-बारा छोट्या माशांच्या भारावर वाढलेले बॅक्टेरिया पाकटाचा भार पेलत नाहीत.

टाकी चाचणीत उतरल्यावरही घाई नको. पाकट येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत अमोनिया घालत राहा, नाहीतर बॅक्टेरिया उपाशी राहून क्षमता घटते. मग तो शून्य झाल्याची खात्री करून साचलेला नायट्रेट कमी करण्यासाठी मोठा पाणीबदल करा. पहिला आठवडा खाणं हात आखडून द्या आणि अमोनिया, नायट्राईट, पीएच रोज मोजा. वीज गेली तर एअर पंप इन्व्हर्टरवर चालला पाहिजे, कारण या बॅक्टेरियांना ऑक्सिजन भरपूर लागतो. बंद पडलेल्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये तो काही तासांतच संपतो, तेव्हा वीज आल्यावर आतलं कुजट पाणी टाकीत सोडण्याआधी बाहेर काढा.