ऑरेगनची रेषा: ऐकीव आणि खरं

पोर्टलंडच्या पश्चिमेला, हिल्सबरोच्या कडेला, घरांची रांग एकाएकी संपते आणि रस्त्यापलीकडे शेत सुरू होतं. इंटेलच्या नोकरीमुळे तिथे राहायला गेलेल्या मराठी मंडळींना हे आता सवयीचं आहे. शहर असं मध्येच थांबतं ते कायद्यानं त्याच्याभोवती आखलेल्या वाढीच्या रेषेमुळे. तिच्याबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच फार.

त्यातली पहिली: शहरातल्या पर्यावरणवाद्यांनी हे खूळ शेतकऱ्यांच्या माथी मारलं. प्रत्यक्षात या रेषेमागच्या कायद्याचे, म्हणजे ऑरेगन राज्याच्या 1973च्या ‘सिनेट बिल 100’चे शिल्पकार हेक्टर मॅकफर्सन हे स्वतः दूधदुभत्याचा धंदा करणारे शेतकरी आणि रिपब्लिकन सिनेटर. कायद्यावर सही करणारे गव्हर्नर टॉम मॅकॉल त्याच पक्षाचे. व्हिलामेट खोऱ्यातली माती हिमयुगातल्या महापुरांनी आणलेल्या गाळाची. हेझलनट, गवताचं बियाणं, द्राक्षं असं काय काय तिच्यात पिकतं. अशा जमिनीत प्लॉट पडले, की नव्या शेजाऱ्यांना शेणाचा वास आणि पहाटेचा ट्रॅक्टर खटकू लागतो. मग शेती करणंच अवघड होऊन बसतं.

दुसरा समज, सरकारनं जमीन काढून घेतली. खरं तर रेषेबाहेरच्या शेतीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, ती विकताही येते. निर्बंध आहे तो वापरावर. त्याच्या बदल्यात मालमत्ता कर शेतजमिनीच्या हिशेबानं, म्हणजे बराच कमी लागतो. तरीही कायद्याआधी, पुढे कधीतरी प्लॉट पाडू अशा आशेनं जमीन घेतलेल्यांची तक्रार खोटी नव्हती. 2004 साली मतदारांनी ‘मेझर 37’ मंजूर करून त्यांना वाट दिली: भरपाई द्या, नाहीतर नियम उठवा. साडेसहा हजारांहून अधिक दावे आले. बागायतीत अख्ख्या वसाहती उठणार असं दिसू लागल्यावर त्याच मतदारांनी 2007 साली ‘मेझर 49’ मंजूर करून बहुतेक दावे एक ते तीन घरांवर आणून ठेवले. त्याआधी मूळ कायदाच मोडीत काढण्याचे प्रस्ताव 1976, 1978 आणि 1982 मध्ये मतपेटीत हरले होते. शेवटच्या वेळी मॅकॉल कर्करोगानं खंगलेले असतानाही प्रचाराला उतरले. निकालानंतर दोनेक महिन्यांत, जानेवारी 1983 मध्ये ते गेले.

नकाशे राज्याच्या राजधानीत बसून आखले जातात, असंही नाही. राज्यानं 19 उद्दिष्टं ठरवली. आराखडा शहरानं आणि काउंटीनं करायचा, आणि तो उद्दिष्टांना धरून आहे का हे राज्याच्या आयोगानं तपासायचं. आणि रेषा दगडावरची नाही. पोर्टलंड महानगराची हद्द 1979 साली ठरली आणि त्यानंतर सुमारे तीन डझन वेळा सरकली, बहुतेकदा थोडी थोडी. पुढच्या 20 वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जागा रेषेच्या आत आहे का, हे वेळोवेळी मोजणं तिथल्या निर्वाचित प्रादेशिक संस्थेला, ‘मेट्रो’ला, कायद्यानं बंधनकारक आहे.

आता सगळ्यात वादाचा मुद्दा: रेषेमुळे घरं महागली. हा निव्वळ गैरसमज म्हणून झटकता येणार नाही. जमीन मर्यादित ठेवली की भाव चढतात, अर्थशास्त्र इथेही लागू आहेच. पण रेषा नसलेली अनेक अमेरिकन शहरंही परवडेनाशी झाली. माझ्या मते खरी चूक रेषेच्या आत होती. शेती वाचवण्याच्या बदल्यात शहरानं आत दाटीनं आणि सर्व थरांच्या लोकांसाठी घरं बांधायची, हा या सौद्याचा दुसरा भाग. 19 उद्दिष्टांपैकी दहावं घरांबद्दलच आहे. तरी अनेक वस्त्यांमध्ये कित्येक दशकं एका प्लॉटवर एकच बंगला, एवढीच परवानगी होती. म्हणजे बाहेर कुलूप आणि आतही कुलूप. 2019 साली विधिमंडळानं ‘हाऊस बिल 2001’ संमत केलं. त्यानुसार 10 हजारांवर लोकवस्तीच्या शहरांना बंगल्याच्या जागी जोडघराला, आणि 25 हजारांवरच्या शहरांना व पोर्टलंड महानगराला तीन-चार घरांच्या इमारतींनाही वाव द्यावा लागला. 2024 साली गव्हर्नर टीना कोटेक यांनी सही केलेल्या कायद्यानं काही शहरांना एकदाच, ठरावीक एकरांपुरती हद्द वाढवण्याची मुभा दिली. त्या जमिनीवरच्या घरांपैकी काही वाटा परवडणाऱ्या दरात ठेवावा लागतो.