गाळातून उठलेला पुरावा

उत्क्रांतीवर एक आक्षेप हमखास घेतला जातो: ती प्रयोगाने तपासता येत नाही. जे घडायचे ते घडून गेले, आता जीवाश्म पाहून अंदाज बांधायचे. डाफ्निया या काही मिलिमीटरच्या कवचधारी जिवाने हा आक्षेप बराच दुबळा केला आहे. मत्स्यालयवाले माशांचा खाऊ म्हणून ओळखतात, तोच हा. दिवस बरे असतात तोवर माद्या नराविना स्वतःच्याच जनुकीय प्रती जन्माला घालतात. हवामान बिघडले, अन्न आटले, की नर जन्मतात आणि मीलनानंतर टणक वेष्टनातली सुप्त अंडी तळाच्या गाळात जातात. तिथे ती दशकानुदशके टिकतात. थराचे वय ठरवून अंडी उबवली, की जुनी पिढी आजच्या पिढीशेजारी काचपात्रात पोहू लागते.

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या कॉन्स्टन्स सरोवरात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात फॉस्फरस वाढले आणि त्यामागोमाग नील-हरित जीवाणूही. नेल्सन हेअरस्टन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या थरांतली अंडी उबवून त्या वंशांना या जीवाणूंचे निकस, त्रासदायक अन्न दिले. जुन्या वंशांची वाढ जास्त खुंटली, नंतरच्यांची कमी. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले.

यावर शंका घेता येते, आणि घ्यायलाच हवी. डाफ्नियाचे शरीर मुळातच लवचीक. शिकारी कीटकाचा नुसता वास पाण्यात आला तरी काही जातींच्या मानेवर काटे उगवतात. मग हा फरकही तसाच तात्पुरता नसेल कशावरून? यावर उपाय सोपा आहे: सगळे वंश पिढ्यानपिढ्या एकाच पाण्यात, एकाच अन्नावर वाढवायचे. तरीही उरतो तो फरक आनुवंशिक. दुसरी शंका अधिक कडवी आहे. जुन्या अंड्यांपैकी चिवट तेवढीच उबत असतील, तर आपण काळाचा नव्हे, चिवटपणाचा परिणाम मोजत असू. बेल्जियममधल्या एका तळ्याने याला बरेचसे उत्तर दिले. एलेन डेकेस्टेकर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या थरांतून डाफ्नियासोबत त्याचा परजीवी जीवाणूही जागवला. २००७ सालचा निष्कर्ष असा, की परजीवी आपल्याच काळातल्या डाफ्नियाला सर्वाधिक ग्रासतो. आधीच्या आणि नंतरच्या थरांतल्यांना कमी. निव्वळ चिवटपणाचा खेळ असता, तर फरक खोलीबरोबर एकाच दिशेने वाढत गेला असता.

मात्र यातून नवे अवयव कसे घडतात ते कळत नाही, हे मान्य करावे लागेल. त्यासाठी पार्‍हायले हा समुद्रकाठचा दुसरा चिमुकला कवचधारी कामी येतो. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने त्याची हॉक्स जनुके, म्हणजे शरीराच्या कोणत्या खंडावर कोणता अवयव यावा हे ठरवणारी जनुके, बिघडवली, की एका खंडावर दुसऱ्याच प्रकारचे पाय येतात. प्रयोगशाळेत जमले म्हणून निसर्गातही तसेच झाले, असे नाही. पण मिखालिस अ‍ॅव्हेरॉफ आणि निपम पटेल यांनी १९९७ सालीच अनेक कवचधारी जातींच्या भ्रूणांत दाखवले होते, की ज्यांचे छातीवरचे पुढचे पाय जबड्याच्या मदतीला गेले आहेत, त्यांच्या नेमक्या त्याच खंडांतून दोन ठरावीक हॉक्स जनुकांचे काम मागे सरकलेले असते.