बारा गाणी आणि एक नाव

१९८८ साली लंडनमध्ये व्हर्जिन समूहातल्या ‘टेन रेकॉर्ड्‌स’ या कंपनीने दोन तबकड्यांचा एक संच काढला. नाव होते ‘टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉइट’. आत बारा गाणी होती आणि ती करणाऱ्या मुलांना इंग्लंडमध्ये मूठभर डीजेंपलीकडे कोणी ओळखत नव्हते. त्या संगीताला ‘टेक्नो’ हे नाव जगभर चिकटले ते या संकलनामुळे. हा संच आज पुन्हा सलग ऐकला, की एक गोष्ट चटकन लक्षात येते. यातल्या बऱ्याच गाण्यांना आजचा श्रोता टेक्नो म्हणणारच नाही. कुठे गाणारा आवाज आहे, कुठे चर्चमधल्या समूहगायनाचा उमाळा, कुठे सरळसरळ शिकागोचे हाउस संगीत. नाव एक आणि तऱ्हा अनेक. संकलने जुन्या संगीताची नोंद ठेवतात, असे आपण धरून चालतो. माझ्या मते या काळातल्या संकलनांनी त्याहून मोठे काम केले. विखुरलेल्या, एकमेकांशी भांडणाऱ्या प्रयोगांना त्यांनी एका छपराखाली आणले आणि मग ते छप्पर खरे ठरले.

हे संकलन जमवले नील रश्टन आणि डेरिक मे यांनी. रश्टन बर्मिंगहॅमचा, ‘नॉर्दर्न सोल’च्या नादातला. उत्तर इंग्लंडमधल्या या रसिकांना साठच्या दशकातल्या, फारशा न खपलेल्या अमेरिकन सोल रेकॉर्ड्‌स धुंडाळायचे वेड होते आणि त्यातल्या कितीतरी डेट्रॉइटच्या. त्यामुळे १९८७च्या आसपास त्याच गावाच्या पत्त्यावरून विचित्र, यांत्रिक ठेक्याच्या रेकॉर्ड्‌स येऊ लागल्या तेव्हा त्याचे कान टवकारले जाणे साहजिक होते. शिकागोच्या हाउसने तोवर इंग्लंड जिंकले होते. १९८७च्या जानेवारीत स्टीव्ह ‘सिल्क’ हर्लीचे ‘जॅक युअर बॉडी’ ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. साहजिकच या नव्या संचाचेही आधी ठरलेले नाव ‘डेट्रॉइटचे हाउस’ अशाच धाटणीचे होते. ते बदलले हुआन अ‍ॅटकिन्समुळे. त्याने संकलनासाठी जे गाणे दिले त्याचे नावच ‘टेक्नो म्युझिक’. शब्द त्याच्याकडे जुनाच होता. ‘सायबोट्रॉन’ या जोडगोळीतून त्याने १९८४ मध्ये ‘टेक्नो सिटी’ काढले होते आणि त्यामागे अ‍ॅल्विन टॉफ्लरच्या ‘द थर्ड वेव्ह’ या पुस्तकातले ‘टेक्नो रिबेल्स’ होते. शिकागोची शाखा म्हणून ओळखले जाण्यापेक्षा स्वतंत्र चूल मांडायची, हा आग्रह त्या नावात आहे.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर या चौघांची कथा एकमेकांपासून किती दूरची! तरी ‘नवकथा’ या एका नावाखाली ती आपण वाचायला शिकलो.

डेट्रॉइटच्या आधी इंग्लंडने संकलनाचा हाच खेळ ‘इलेक्ट्रो’बाबत खेळून पाहिला होता. १९८२ मध्ये न्यूयॉर्कला आफ्रिका बंबाटा आणि निर्माता आर्थर बेकर यांनी ‘प्लॅनेट रॉक’ केले. धून जर्मनीच्या ‘क्राफ्टवेर्क’च्या ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’वरून घेतलेली, ठेका ‘रोलँड टीआर-८०८’ या ड्रम मशीनचा. बेकरकडे ते यंत्र नव्हते. वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात पाहून एक यंत्रवाला वीस डॉलरांत बोलावला, असे त्याने सांगितले आहे. या यंत्रावर रांगेने सोळा बटणे असतात, चार-चारच्या गटांत लाल, नारिंगी, पिवळी आणि पांढरी. एकेका बटणाला एकेक ठोका बांधायचा आणि चक्र सुरू करून द्यायचे. तीनतालाच्या सोळा मात्रा ज्याच्या बोटांवर आहेत, त्याला हे यंत्र पाच मिनिटांत कळेल. आवाज मात्र कुठल्याच खऱ्या वाद्यासारखा नाही. खर्ज पोटात घुमतो आणि त्यातली ती घंटा म्हणजे केवळ दोन चौकोनी विद्युतलहरींची बेरीज. खऱ्या ड्रमची नक्कल म्हणून १९८० साली बाजारात आलेले हे यंत्र त्या कसोटीवर फसले. सुमारे बारा हजार नग झाल्यावर १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मग ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले आणि खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांच्या हाती गेले.

अमेरिकेतून येणारी बारा इंची सिंगल इंग्लंडमधल्या शाळकरी मुलाला परवडण्यासारखी नव्हती. १९८३ मध्ये मॉर्गन खानच्या ‘स्ट्रीट साउंड्‌स’ कंपनीने यावर तोड काढली: अशी सात-आठ गाणी, एकात एक मिसळून, एका एलपीवर. ‘स्ट्रीट साउंड्‌स इलेक्ट्रो १’ आणि मग त्याच्या पाठोपाठ क्रमांकांची रांग. दोन गाण्यांमधली शांतता काढून टाकली, हे या मालिकेचे मोठेच कर्तृत्व. न्यूयॉर्क न पाहिलेल्या मुलाला तिथला डीजे दोन रेकॉर्ड कशा जोडतो ते घरबसल्या ऐकता आले. कॅसेटवर उतरवून ती गाणी मैदानांत, बाजारपेठांच्या चौकांत वाजली. लिनोलियमचा तुकडा अंथरून पोरे त्यावर गिरक्या घेऊ लागली. तसल्याच मिक्स टेपांच्या देवघेवीतून इंग्लंडमधल्याच रॉचडेलचे दोन तरुण एकत्र आले. त्यांची ‘ऑटेकर’ ही जोडी पुढे १९९२ मध्ये ‘वॉर्प’ कंपनीच्या ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या संकलनात दिसते. त्या संकलनाच्या मुखपृष्ठावर आरामखुर्चीत रेललेला यंत्रमानव आहे आणि जमिनीवर क्राफ्टवेर्क व पिंक फ्लॉइडच्या रेकॉर्ड्‌स. नाचायचे नाही, बसून ऐकायचे, हा त्याचा सांगावा होता. मला स्वतःला त्यातला थोडा शिष्टपणा खटकतो. डेट्रॉइटच्या नाचत्या गाण्यांतही बसून ऐकण्याजोगे पुष्कळ आहे.

त्या बारा गाण्यांकडेच पाहा. ‘रिदिम इज रिदिम’ या नावाने डेरिक मेने केलेले ‘इट इज व्हॉट इट इज’ घ्या. खाली ठेका घाईत आहे आणि वरचे सूर मात्र रेंगाळतात, जणू त्यांना कुठेच जायचे नाही. ती उदासी त्या शहराचीच आहे. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेले डेट्रॉइट १९८० मध्ये बारा लाखांवर आले होते. मोटार कारखाने आकसत होते, मोटाउन ही तिथली रेकॉर्ड कंपनी तर १९७२ मध्येच लॉस एंजेलिसला गेली होती. अ‍ॅटकिन्स, मे आणि केव्हिन सॉंडरसन वाढले शहराबाहेरच्या बेलव्हिलमध्ये, रात्री रेडिओवर ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ हा डीजे क्राफ्टवेर्क, प्रिन्स आणि फंकाडेलिक एकापाठोपाठ लावायचा ते ऐकत. सॉंडरसनच्या ‘इनर सिटी’चे ‘बिग फन’ याच संचातले, शिकागोच्या पॅरिस ग्रेच्या आवाजातले. ते वेगळे काढले तेव्हा ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढले. संचाला गिऱ्हाईक मिळवून दिले ते या सर्वांत गोड गाण्याने.

पण काळाच्या सर्वांत पुढचे गाणे कोणते, असे विचाराल तर मी अँथनी शकीरचे ‘सीक्वेन्स १०’ सांगेन. त्याचे हे पहिलेच प्रसिद्ध झालेले काम. त्यातला कोरडा, वळणे घेत जाणारा ठेका ऐकून नव्वदच्या दशकाची चाहूल लागते. त्या वेळी मात्र कौतुक झाले ते संचातल्या त्याच्या शेजाऱ्यांचे.

आणि ज्याला शेजारच मिळाला नाही, असा एक माणूस आपल्या मुंबईत होता. हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एलपी केली. साधने होती तेच ८०८, ‘टीबी-३०३’ हे खर्जाचे यंत्र आणि ‘ज्युपिटर-८’ हा सिंथेसायझर. ललित, मेघमल्हार असे राग, खाली न थांबणारा ठेका, मध्ये ३०३ची घसरती मींड. शिकागोत ‘अ‍ॅसिड’ नावाने १९८७ मध्ये गाजलेला आवाज इथे पाच वर्षे आधी आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. एकच यंत्र दोन शहरांत दोघांनी आपापल्या कानाने वाजवले. मुंबईत या रेकॉर्डच्या मागेपुढे तशी दुसरी कुठली नव्हती, संकलन काढावे अशी मंडळी नव्हती, नाव द्यायला कोणी आले नाही. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या डच कंपनीने ती पुन्हा काढली. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपातल्या मंचांवर जाऊन तेच राग वाजवू लागले. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

शकीरचीही वेळ साधारण त्याच सुमाराला आली आणि तीही डचांकडूनच. अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘रश अवर’ने १९९४ ते २००९ मधले त्याचे विखुरलेले काम ‘फ्रिक्शनलिझम’ या संकलनात एकत्र आणले. ‘सीक्वेन्स १०’ त्या कालमर्यादेच्या आधीचे. ते ऐकायला १९८८च्या त्या संचाकडेच परत जावे.