जुन्या मॉडेल विमानाचे नाक वर का जाते?

बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, त्यांवर ताणून चिकटवलेला पातळ कागद आणि वरून डोपचे थर. महिनोन्‌महिने खपून उभारलेले जुन्या घडणीचे रेडिओ नियंत्रित विमान पहिल्याच उड्डाणात नाक वर करून उधळते, वेग गमावते आणि एका पंखावर कोसळते. या छंदातील हा नेहमीचा अनुभव. दोष बहुधा उडविणाऱ्याच्या हाताला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा तो विमानाच्या वंशावळीत असतो.

'ज्युनिअर ६०'चे उदाहरण घ्या. ब्रिटनमधील कीलक्राफ्ट कंपनीसाठी अल्बर्ट हॅटफुल यांनी १९४६ मध्ये त्याची रचना केली. पंखांचा विस्तार ६० इंच, म्हणजे सुमारे दीड मीटर. विमान मुळात 'फ्री फ्लाइट' प्रकारचे. हातातून सुटले की त्यावर कोणाचेही नियंत्रण नाही. इंजिन थोडा वेळ चालायचे, विमान चढायचे आणि इंजिन थांबल्यावर तरंगत उतरायचे. यासाठी अशा विमानांत पंख शेपटीच्या तुलनेत काही अंश चढा बसवलेला असतो. वेग वाढला की नाक आपोआप वर यावे, घटला की खाली जावे, ही स्वयंशिस्त तेव्हा आवश्यकच होती. पुढे त्यात रेडिओ बसला, कोन मात्र तोच राहिला. अन्य सारे तसेच असताना वेग दीडपट झाला, तर पंखाची उचल सव्वादोन पट होते. त्यात आजची ब्रशलेस मोटर जुन्या छोट्या डिझेल इंजिनापेक्षा सहज अधिक जोर लावते. मग विमान आकाशाकडे धाव घेणार नाही तर काय!

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे नाकात शिसे भरणे. तो बहुतेकदा चुकीचा ठरतो, कारण मोटर बंद होताच तेच विमान दगडासारखे खाली येऊ लागते. म्हणून पुरेशी उंची गाठून आधी मोटर बंद करावी आणि नुसते तरंगणे न्याहाळावे. तरंगणे संथ व सरळ असेल, तर गुरुत्वमध्य आणि पंखाच्या कोनाला हात लावू नये. दोष मोटरच्या रोखात आहे. मोटरच्या तळपट्टीच्या वरच्या स्क्रूंमागे पातळ वॉशर घातले की तिचा रोख दोन-तीन अंश खाली झुकतो आणि चढाई आवरते. मोटर बंद असतानाही विमान हेलकावे खात थबकत असेल, तर मात्र गुरुत्वमध्य तपासलाच पाहिजे.

येथे एक सापळा आहे. जुन्या आराखड्यांत गुरुत्वमध्याची खूण पुष्कळदा पंखाच्या मध्याजवळ किंवा त्याहीमागे आढळते. ती योग्यच असते, कारण त्या विमानांची शेपटीही फुगीर छेदाची असून उचल देते. दुरुस्तीच्या वेळी कोणी त्या जागी सपाट शेपटी बसवली, तर तीच खूण घातक ठरते. अशा वेळी गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांशावर आणून सुरुवात करणे शहाणपणाचे.

विमान एकाच बाजूला वळत असेल, तरी कसोटी तीच. फक्त मोटर चालू असतानाच वळते का? मग मोटरचा रोख किंचित उजवा-डावा करावा. तरंगतानाही वळते का? मग मागून, डोळ्यांच्या रेषेत धरून पंख पाहावेत. डोप वर्षानुवर्षे आकसत राहतो आणि पंखाला पीळ देतो. वाफ किंवा सौम्य उष्णता देऊन, उलट दिशेने पिळून तो निवेपर्यंत तसाच धरल्यास बराचसा पीळ निघतो. ट्रान्समीटरवरील ट्रिमने तो केवळ झाकला जातो आणि वेग बदलताच पुन्हा डोके वर काढतो.

एका उड्डाणात एकच बदल करावा, अन्यथा कशाने काय झाले हे कळत नाही. पंख रबरांनी बांधलेला असेल, तर ती रबरे आधी बदलावीत. सैल रबरांमुळे पंख हवेत सरकतो आणि बाकीची सारी मापे व्यर्थ ठरतात.